मुलींच्या गोष्टी काढणारा मुलगा

आज दुपारी एका साखरपुड्यात ऐकलेले एक वाक्य अजून डोक्यातून जात नाही, म्हणून हे लिहायला बसले आहे. माझी नववीतली भाची हॉलच्या कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून मोबाइलवर ‘गेक्कान शोजो नोझाकी-कुन’ ही ॲनिमे, म्हणजे जपानी ॲनिमेशनची, मालिका पाहत होती. तिच्या काकांनी मागून डोकावून काय चालले आहे म्हणून विचारले, तेव्हा तिने मोठ्या उत्साहाने सांगितले की हा उंच मुलगा शाळेत शिकता शिकता मुलींच्या मासिकासाठी प्रेमकथा काढतो आणि शाळेत कोणाला त्याचा पत्ताही नाही. त्यावर काका सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “एवढा दांडगा पोरगा आणि पोरींच्या गोष्टी काढत बसतो? ह्याच्या बापाला माहीत आहे का?” आजूबाजूची माणसे हसली. भाचीने मोबाइल पर्समध्ये टाकला आणि जेवणे उरकेपर्यंत ती कोणाशी धड बोलली नाही.

मुलीचा विरस झाला याचे मला वाईट वाटलेच. पण खरा संताप आला तो त्या “बापाला माहीत आहे का” या शब्दांचा, कारण ते मी पूर्वी एकदा ऐकलेले आहेत. त्याबद्दल पुढे सांगते.

आधी मालिकेविषयी. इझुमी त्सुबाकी यांची ही चार चौकटींची विनोदी चित्रकथा, म्हणजे मांगा, 2011 मध्ये ‘गांगान ऑनलाइन’ या जपानी वेब-मासिकावर सुरू झाली आणि 2014 च्या जुलै ते सप्टेंबरमध्ये डोगा कोबो या स्टुडिओने तिचे बारा भागांचे ॲनिमे केले. चियो साकुरा ही केसांना ठिपक्यांच्या मोठाल्या रिबिनी बांधणारी बुटकीशी मुलगी आपल्याच शाळेतल्या उमेतारो नोझाकीवर जीव टाकून असते. धीर एकवटून ती त्याच्यासमोर उभी राहते, ऐनवेळी शब्द फिरतात आणि “मी तुमची चाहती आहे” एवढेच तोंडातून बाहेर पडते. तो शांतपणे तिला स्वाक्षरी करून देतो. चाहती आणि स्वाक्षरी यांचा मेळ तिला तेव्हा लागत नाही. तो तिला घरी बोलावतो, तिच्या काळजाचा ठोका चुकतो, आणि तिथे तो तिच्यापुढे कागद ठेवून रेखाटनातल्या जागा शाईने काळ्या भरायला सांगतो. बराच वेळ मुकाट्याने भरल्यावर तिला उलगडा होतो, की ‘साकिको युमेनो’ या नावाने मुलींच्या मासिकात प्रेमकथा काढणारी प्रसिद्ध लेखिका म्हणजे हाच मुलगा आहे.

हा प्रसंग मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला कराडच्या बाजारपेठेमागचे एक पत्र्याचे शेड आठवले. दहावीत असताना माझ्या वर्गातला एक मुलगा संध्याकाळी क्लासला जातो असे घरी सांगून त्या शेडमध्ये एका पेंटरकडे दुकानांचे बोर्ड रंगवायला जात असे. त्याच्या नखांच्या कडांना लागलेला लाल एनामल रॉकेलने पुसूनही पूर्ण निघत नसे, आणि त्यावरूनच मला ते गुपित कळले. तो मला आवडत असे, हे आता लिहायला काही हरकत नाही. शेडमध्ये तो खडूच्या दोरीने पत्र्यावर रेघ मारायचा, अक्षरांच्या कडा बारीक ब्रशने ओढायचा आणि आतली जागा भरायला मला द्यायचा. “कडेला येऊ नकोस, कड मी सांभाळतो,” असे म्हणायचा. ‘किराणा व भुसार मालाचे व्यापारी’ यातली कितीतरी अक्षरे मी आतून भरलेली आहेत.

म्हणूनच चियोला काळे भरताना पाहून ज्यांना तिची कीव येते, त्यांचे मला नवल वाटते. तिला प्रवेशाच्या दिवशी नोझाकी आवडला तो त्याने तिला शाळेच्या फाटकावरून उचलून आत घेतले म्हणून, म्हणजे अगदी नेहमीच्या कारणाने. पुढे मात्र ती त्याच्या टेबलापाशी बसते आणि एक पान तयार व्हायला काय काय लागते ते पाहते. त्याचा मित्र मिकोशिबा फुले आणि चमचम काढतो, नाट्यमंडळाचा अध्यक्ष होरी पार्श्वभूमी काढतो आणि त्याच्या बदल्यात नोझाकी त्याच्या मंडळाला नाटके लिहून देतो, खालच्या वर्गातला वाकामात्सु स्क्रीनटोन, म्हणजे छटा दाखवणारे ठिपक्यांचे छापील कागद, चिकटवतो. कोणाचा हात कुठे चालतो हे एकदा कळले की पान वाचण्याची नजर बदलते. आपल्याकडच्या प्रेमकथांत नायकाला नोकरी असते ती केवळ त्याला ऑफिसात बसवण्यापुरती. इथे कामच त्या दोघांची भेटण्याची जागा आहे. मला हे फार मोलाचे वाटते, आणि माझे लिखाण वाचणाऱ्या तुम्हा मंडळींना ते वेगळे पटवून द्यावे लागेल असे वाटत नाही.

आता “पोरींच्या गोष्टी” या शब्दांकडे वळते. त्या काकांना माहीत नसावे, की मुलींसाठीच्या मांगाच्या सुरुवातीच्या काळात पुरुष चित्रकारच मोठ्या संख्येने होते. ओसामु तेझुका यांनी 1953 मध्ये ‘शोजो क्लब’ या मुलींच्या मासिकात राजपुत्राच्या वेशात वावरणाऱ्या राजकन्येची कथा सुरू केली. लेइजी मात्सुमोतो आणि तेत्सुया चिबा यांनीही उमेदवारीच्या काळात मुलींच्या मासिकांत काम केले. 1970 च्या दशकात मोतो हागिओ, केइको ताकेमिया आणि त्यांच्या पिढीतल्या स्त्रियांनी हा प्रांत आपल्या हातात घेऊन त्याचे रूपच पालटले, आणि ते फार चांगले झाले. पण पुरुषाने मुलीच्या मनातले काढले तर त्याचे पौरुष कमी होते, असे म्हणून हे काम तिथे थांबले नाही. आणि आपल्याला तसे वाटावे? ज्या महाराष्ट्राने बालगंधर्वांना डोक्यावर घेतले, जिथल्या घरंदाज बायकांनी त्यांच्याकडे पाहून साडी नेसण्याच्या आणि केसांत फुले माळण्याच्या तऱ्हा उचलल्या, त्या महाराष्ट्रात एका चित्रातल्या मुलाला त्याच्या बापाची भीती घातली जाते आणि माणसे हसतात, याची मला मनापासून लाज वाटते.

नोझाकी हे काम थट्टा म्हणून करत नाही, हे त्यातले सर्वांत सुंदर आहे. एका भागात त्याला नायक-नायिका सायकलवरून एकत्र जाताना दाखवायचे असतात; जपानमध्ये साध्या सायकलवर डबलसीट जाणे नियमात बसत नाही, म्हणून तो चक्क दोघांनी पायडल मारायची जोडसायकल आणतो आणि चियोला मागे बसवून ते कसे दिसेल ते तपासतो. ती घामाघूम होते. प्रेक्षक हसतात, मीही हसले. पण आपल्या वाचक मुलींसमोर चुकीचे उदाहरण जाऊ नये म्हणून एवढी खटपट करणारा मुलगा मला कुठल्याही शिरजोर नायकापेक्षा जास्त आदरणीय वाटतो. त्सुबाकी यांनी स्वतः ‘हाना तो युमे’ या मुलींच्या मासिकात वर्षानुवर्षे मालिका काढली आहे, त्यामुळे संपादकाची नापसंती, मुदत आणि कोरे पान यांची धास्ती त्यांना ऐकून माहीत नाही, जगून माहीत आहे. रॅकून कुत्र्याचा एवढा हट्ट धरणारा संपादक, की नोझाकीच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या बिचाऱ्या मांगा-लेखिकेला प्रत्येक कथेत तो प्राणी घुसवावा लागतो, हे पात्र बाहेरच्या माणसाला सुचणार नाही.

बारा भाग संपतात तरी प्रेम तसूभरही पुढे सरकत नाही, ही तक्रार मला मान्य करावी लागते. शेवटच्या भागात आतषबाजी पाहताना चियोच्या तोंडून मनातले निघून जाते आणि नोझाकीला ते आतषबाजीबद्दल वाटते, तेव्हा मलाही त्याचा राग आला होता. प्रेमाच्या गोष्टी लिहून पोट भरणाऱ्या माणसाला समोरच्या मुलीचे डोळे वाचता येऊ नयेत, हे कधीकधी ताणलेले वाटते, तेही खरे. पण मला त्या दोघांनी घाई करायला नकोच आहे.

त्या शेडमध्येही कोणी कोणाला काही म्हटले नव्हते. तो मला ‘भुसार’मधला उकार ऱ्हस्व की दीर्घ ते विचारायचा आणि मी सांगितलेला उकार तसाच पत्र्यावर चढायचा, दुसऱ्या दिवशी शाळेत जाताना त्या दुकानावरून जाण्यात जे सुख होते, ते चिठ्ठीचपाटीत मिळाले नसते. मग कोणीतरी त्याच्या घरी सांगितले. त्याचे वडील शेडमध्ये आले नाहीत. त्यांनी पेंटरला निरोप धाडला. तो निरोप आणणारा माणूस बोर्डाकडे बघत म्हणाला होता, “मास्तरांचा पोरगा आणि बोर्ड रंगवतो? बापाला माहीत होतं का?” अर्धा रंगवलेला पत्रा भिंतीला टेकवून तो मुलगा निघून गेला आणि त्यानंतर त्याच्या हातात मी ब्रश पाहिला नाही. काही वर्षांतच फ्लेक्स आले आणि बोर्ड रंगवणाऱ्यांचा धंदाच बसला, त्यामुळे पुढे त्याचे काय झाले असते हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण निदान तो धंदा बसेपर्यंत तरी त्याने अक्षरे काढली असती.

लिहिता लिहिता राग थोडा निवळला आहे. ते काका वाईट माणूस नाहीत. याच भाचीच्या क्लासची फी गेल्या वर्षी त्यांनी कोणाला न सांगता भरली, हे मला ठाऊक आहे. त्यांना त्या मुलीला दुखवायचे नव्हते, आपण काहीतरी गमतीचे बोललो एवढेच त्यांना वाटले असेल. तरीही भाचीच्या वह्यांच्या मागच्या पानांवर तिने स्वतः काढलेल्या चौकटी आहेत, आणि त्या तिने आजवर फक्त मला दाखवल्या आहेत. आता त्या ती आणखी कोणाला दाखवेल का, याची काळजी मला आज वाटते. उद्या फोन करून हे काकांना मी सरळ सांगणार आहे.

तुमच्यापैकी ज्यांच्या घरी ही मालिका चालू असेल, त्यांनी निदान पहिले दोन भाग मुलांबरोबर बसून पाहावेत. पहिल्या भागातला तो काळे भरण्याचा प्रसंग चुकवू नका. ज्यांना ॲनिमे आवडेल त्यांनी मांगाकडेही वळावे, कारण पुष्कळसा मजकूर पडद्यावर आलेलाच नाही. नोझाकीचा धाकटा भाऊ मायु, जो बोलण्याचेही कष्ट घेत नाही पण ज्युदोत मात्र तरबेज आहे, तो तर पुस्तकातच खरा भेटतो.