सही केली म्हणून हक्क जात नाही

पंधरा दिवसांत एकच मेसेज मला चौघांनी पाठवला. त्यात लिहिलंय : ऑपरेशनआधी सही केली की डॉक्टरवर केस होत नाही, फाइल दवाखान्याची असते, केसला लाखो रुपये लागतात, म्हणून काही बरंवाईट झालं तर पोरं गोळा करा आणि तिथंच हिशेब चुकता करा. मी सोलापुरात ग्राहक आयोगापुढे वकिली करतो. हा मेसेज पुढे पाठवू नका.

आधी सहीचं. संमतीपत्रावर सही म्हणजे शस्त्रक्रियेतले धोके समजून घेऊन दिलेली परवानगी. सगळी काळजी घेऊनही जखम चिघळू शकते, पेशंट दगावूही शकतो; तेवढ्यावरून डॉक्टर दोषी ठरत नाही. हे मी पहिल्याच भेटीत सांगतो आणि काही जण तिथूनच परत जातात. पण हलगर्जीपणाला आगाऊ माफी देणारी सही कायद्यात नाही. समीरा कोहली प्रकरणात तपासणीपुरत्या संमतीवर गर्भाशय काढून टाकलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये ते बेकायदा ठरवलं आणि भरपाई द्यायला लावली.

फाइलबद्दलचा गैरसमज मला सगळ्यात घातक वाटतो, कारण केस उभी राहते ती फाइलवरच. डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या नियमांनुसार दाखल पेशंटची कागदपत्रं ३ वर्षं जपावी लागतात आणि पेशंटने मागितल्यावर ७२ तासांत द्यावी लागतात. तोंडी मागू नका. अर्ज लिहा, दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. डिस्चार्ज कार्डावर समाधान मानू नका. नर्सच्या नोंदी, औषधांचा तक्ता, भुलेची नोंद, सगळं मागा. रात्री दोनला पेशंट विव्हळत होता तेव्हा कोण आलं, हे तिथंच कळतं.

खर्चाचं थोडक्यात. दवाखान्याला दिलेली रक्कम ५ लाखांच्या आत असेल तर जिल्हा आयोगात फी लागत नाही. वकीलही सक्तीचा नाही, हे वकील असूनच सांगतोय. मात्र जिथे सगळ्यांनाच मोफत उपचार मिळतात, ती सेवा १९९५ च्या निकालानुसार ग्राहक कायद्यात बसत नाही. तिथे दिवाणी दावा करावा लागतो.

आणि पोरं गोळा करण्याचं. महाराष्ट्रात २०१० पासून त्यासाठी वेगळा कायदा आहे : ३ वर्षांपर्यंत कैद, ५० हजारांपर्यंत दंड, वर नुकसानीच्या दुप्पट भरपाई. शेजारच्या खाटेवरच्या पेशंटचा यात काय गुन्हा? आणि फोडाफोडीत तुमचीच फाइल गेली तर पुरावा कुठून आणणार?

विडी घरकुलातली एक बाई गेल्या महिन्यात आली. नवरा यंत्रमागावर कामाला. पाय मोडला, प्लास्टर घातलं, बोटं बधिर झाल्याचं तो रात्रभर सांगत राहिला. सकाळी प्लास्टर कापेपर्यंत उशीर झाला होता. गुडघ्याखालचा पाय गेला. नोंदींत त्या रात्री बोटं तपासल्याची एक ओळ नाही. पण सही केली होती म्हणून ती गप्प बसली. तक्रारीची मुदत २ वर्षं. ती आली तेव्हा वर तीन महिने उलटले होते. आता आधी विलंब माफीचा अर्ज चालेल. ते तीन महिने माफ झाले, तर मग पायाबद्दल बोलता येईल.