आंब्याच्या दोन पाट्या आणि फोर ट्वेंटी

आज दुपारी आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटावर जी चर्चा झाली तिच्यात मी एक अक्षरही लिहिले नाही, आणि आता रात्री साडेदहाला ते गप्प बसणे मलाच सहन होत नाही म्हणून इथे लिहीत आहे. एका नातेवाइकाने घराच्या फर्निचरसाठी कंत्राटदाराला साडेतीन लाख रुपये आगाऊ दिले. स्वयंपाकघर आणि एक खोली पूर्ण झाली, पुढचे काम रखडले आणि कंत्राटदार फोन उचलेनासा झाला. त्यावर सगळ्यांचा सल्ला एकच : फोर ट्वेंटीची केस टाका, ओळखीचे एक साहेब आहेत, दोन दिवस आत बसवले की तो पैसे घरी आणून देईल. त्याखाली अंगठ्यांची रांग. अंगठे देणाऱ्यांत निवृत्त शिक्षक आहेत, बँकेतले अधिकारी आहेत आणि दर २६ जानेवारीला न चुकता संविधानाची उद्देशिका पाठवणारेही आहेत.

पोलीस ठाणे हे वसुलीचे दुकान नव्हे, हे माझ्या यादीतल्या माणसांना पटवून देण्याची गरज नाही असे मी धरून चालतो. पण ते अंगठे पाहताना मला आत्या आठवली आणि डोके फिरले.

आत्याने २०१४ मध्ये वडिलोपार्जित जमिनीतल्या हिश्श्यासाठी वाटपाचा दावा लावला. माझे वडील त्यात प्रतिवादी क्रमांक दोन होते, कारण अशा दाव्यात सगळ्या सहहिस्सेदारांना पक्षकार करावेच लागते. त्यामुळे प्रतिवादीचा मुलगा वादीला मोटारसायकलवर बसवून तालुक्याच्या कोर्टात नेत असे आणि आमच्या घरात कुणाला त्यात काही वावगे वाटत नसे. खरे भांडण थोरल्या काकांच्या मुलाशी होते. पुढच्या मे महिन्यात आत्याने शेतातल्या झाडाचे आंबे उतरवले, दोन पाट्या भरून घरी नेले आणि तिसऱ्या दिवशी या सख्ख्या भाच्याने तिच्यावर चोरीचा गुन्हा नोंदवला. आत्याचे वय तेव्हा ६६ होते.

तालुक्याच्या ठिकाणी बहुधा एकच न्यायाधीश दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर आणि प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी अशा दोन्ही नात्यांनी बसतात. दालन तेच, टेबल तेच, पुकारा करणारा शिपाईही तोच. सकाळी फौजदारी बोर्डावर आत्या आरोपी म्हणून मागे उभी राहायची आणि दुपारनंतर दिवाणी बोर्डावर तीच वादी म्हणून वकिलांच्या मागच्या खुर्चीवर बसायची. दिवाणी तारखेला ती आली नाही तरी वकिलांच्या हजेरीवर भागत असे. फौजदारी तारखेला मात्र अंगात ताप असला तरी हजेरी माफीचा अर्ज द्यावा लागे, नाहीतर वॉरंट निघण्याची धास्ती. पुकारा ‘महाराष्ट्र शासन विरुद्ध’ आणि पुढे तिचे नाव असा झाला, तेव्हा तिने मला हळूच विचारले होते, "अरे, शासनाचं मी काय घेतलंय?" गुन्हा हा समाजाविरुद्धचा मानला जातो म्हणून खटला सरकार चालवते आणि फिर्याद देणारा भाचा तिथे केवळ साक्षीदार असतो, हे मी तिला रसवंतीच्या बाकावर बसून समजावले. तिला ते पटले असेल असे वाटत नाही.

चोरीचा गुन्हा अजामीनपात्र, म्हणून आधी जिल्ह्याला सत्र न्यायालयात अटकपूर्व जामिनासाठी धावाधाव झाली. जामीनदाराच्या ऐपतीचा पुरावा म्हणून सातबारा लागला. सातबाऱ्यावर आपले नाव लागावे म्हणून जिने दावा केला होता, तिला तुरुंगाबाहेर राहण्यासाठी दुसऱ्याचा सातबारा मागत फिरावे लागले. हे लिहिताना आजही माझे हात थरथरतात.

आणि हा सगळा खटाटोप आंब्यांसाठी नव्हताच. दोन तारखा झाल्यावर भाच्याचा निरोप आला की आत्याने हक्कसोड पत्रावर सही केली तर चोरीच्या खटल्यात तडजोड करू. चोरीच्या खटल्यात अशी तडजोड कायद्याने होऊ शकते, हे त्याला कुणीतरी नीट शिकवलेले होते. गटावरचा आजचा सल्ला आणि माझ्या चुलत भावाची ही चाल यांत मला तरी काडीचा फरक दिसत नाही. दिवाणी भांडण जिंकायला वेळ लागतो, म्हणून समोरच्याला कोठडीची भीती घालायची!

दिवाणी दावे पिढ्यान्पिढ्या चालतात, हे मान्य. आत्याचाच चालू आहे.

दोन्ही न्यायालयांपुढचा प्रश्नच वेगळा असतो. दिवाणी न्यायाधीश दोन्ही बाजूंचे म्हणणे तराजूत घालतात आणि ज्याचे पारडे थोडे जड त्याच्या बाजूने निकाल देतात. प्रतिवादीने आपल्या कैफियतीत, म्हणजे दाव्याला दिलेल्या लेखी उत्तरात, एखादी गोष्ट स्पष्टपणे नाकारली नाही, तर ती त्याने कबूल केली असे धरता येते. फौजदारीत मात्र आरोपीने तोंड उघडले नाही तरी चालते, कारण गप्प राहणे हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २० ने दिलेला हक्क आहे. गुन्हा वाजवी संशयापलीकडे सिद्ध करण्याचे ओझे सरकारवर असते, कारण इथे हरणाऱ्याचे पैसे नव्हे, स्वातंत्र्य जाते. एवढी कडक चाळणी ज्या यंत्रणेला लावली आहे, ती आपण साडेतीन लाखांच्या वसुलीसाठी वापरायला निघालो आहोत.

कलम ४२० आता उरलेलेही नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि फसवणुकीचा तो गुन्हा कलम ३१८ मध्ये गेला, पण आपल्या तोंडातली फोर ट्वेंटी काही जात नाही. आकडा कोणताही असो, फसवणूक सिद्ध होण्यासाठी पैसे घेतानाच बुडवण्याचा हेतू असावा लागतो. ज्याने स्वयंपाकघर आणि एक खोली पूर्ण करून दिली, त्याचा पहिल्या दिवसापासून बुडवण्याचाच हेतू होता हे कसे दाखवणार? शब्द मोडला म्हणून नुकसानभरपाई मागता येते, बेड्या मागता येत नाहीत. पहिल्या दिवसापासून फसवायलाच आलेले कंत्राटदारही असतात, तेव्हा फिर्याद जरूर द्यावी आणि दिवाणी दावाही सोबत चालवावा, त्याला कायद्याची आडकाठी नाही. चेक न वटल्याचा कलम १३८ चा खटला फौजदारी असूनही लोक तो पैशांसाठीच करतात, हेही खरे. पण तो मार्ग कायद्यानेच दिला आहे, ओळखीच्या साहेबांनी नव्हे.

आत्या २०१९ मध्ये निर्दोष सुटली. पंच फितूर झाले हे एक कारण होते, पण न्यायाधीशांनी मुख्य मुद्दा वेगळा धरला : आपला हक्क आहे असे प्रामाणिकपणे समजून वस्तू घेतली, तर ती चोरी होत नाही. जबाबात ती एवढेच म्हणाली होती, "साहेब, ते झाड माझ्या वडिलांनी लावलंय." गावात मात्र "पुराव्याअभावी सुटली" असेच बोलले गेले आणि नंतर एका लग्नात दोन बायका तिच्या शेजारच्या पाटावरून उठून गेल्या. त्या बायकांवर मी बरीच वर्षे चिडून होतो. आता वाटते, त्यांनाही हे कुणी कधी सांगितलेच नसेल.

२०२१ मध्ये वाटपाच्या दाव्यात प्राथमिक हुकूमनामा, म्हणजे कुणाचा किती हिस्सा हे ठरवणारा निकाल, झाला, एक तृतीयांश हिस्सा मिळाला आणि लगेच अपील दाखल झाले. पुढच्या वर्षी आत्या गेली. आरोपी वारला की त्याच्यावरचा खटला तिथेच संपतो, दिवाणीत मात्र वारस येतात. ९० दिवसांच्या आत तिच्या मुलीचे नाव लावण्याचा अर्ज द्यायचा होता आणि त्यासाठी मृत्यूचा दाखला मीच आणून दिला.

हे लिहिता लिहिता मी त्या नातेवाइकाला फोन केला. जिल्हा ग्राहक आयोगात जा, पाच लाखांपर्यंत शुल्कही लागत नाही, कंत्राटाचा कागद आणि पैसे दिल्याच्या पावत्या काढून ठेव, असे सांगितले. तो म्हणाला, साहेबांशी बोलणे झाले आहे, सकाळी दहाला बोलावले आहे. मग थोडा थांबून त्याने विचारले, "तुमच्या आत्यांच्या जमिनीचं काय झालं शेवटी?"

मी सांगितले, पुढची तारीख १९ ची आहे.