‘तुमच्यासाठीच काढलेत हे पिच्चर’

२०२४ साली ऑस्करला भारतातर्फे कोणता सिनेमा पाठवायचा यावरून बराच धुरळा उडाला होता. पायल कपाडियाच्या ‘ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट’ला त्याच वर्षी मे महिन्यात फ्रान्सच्या कान महोत्सवात ग्रां प्री, म्हणजे तिथलं दुसऱ्या क्रमांकाचं पारितोषिक, मिळालं होतं. तीस वर्षांनी एक भारतीय सिनेमा तिथल्या मुख्य स्पर्धेत उतरला आणि हात हलवत परतला नाही. आपल्या फिल्म फेडरेशनच्या समितीने मात्र ‘लापता लेडीज’ निवडला. कपाडियांचा सिनेमा म्हणजे भारतात घडणारा युरोपीय सिनेमा वाटतो, असं कारण सांगण्यात आलं. ‘लापता लेडीज’ मलाही आवडला, सासू-सुनेला एका सोफ्यावर बसून बघता येईल असा आहे. पण ते कारण काही पचलं नाही. ज्या युरोपातल्या प्रेक्षकांच्या नावाने हे बोट दाखवलं जातं, त्यांच्याच रांगेत बसून मी हे सिनेमे बघते.

मी सोलापूरची, आता मुक्काम इंग्लंडात लेस्टरला. माझ्या आतेभावाचा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलचा छोटा कारखाना आहे आणि तो समितीपेक्षा सरळ बोलतो. ‘ताई, हे पिच्चर तुमच्यासाठीच काढलेत बघ. आमाला दिवसभर हेच दिसतंय की. पैसे देऊन परत तेच बघायचं व्हय?’

दिवसभर लूमच्या खडखडाटात उभं राहिलेल्या माणसाने संध्याकाळी गाणी आणि मारामारी मागितली तर त्यात वावगं काय? पण याच माणसाने ‘सैराट’ भागवत टॉकीजच्या आवारात शिट्ट्या मारत पाहिला होता. आपल्याच जिल्ह्यातल्या जेऊरच्या नागराज मंजुळेंनी त्यात जात दाखवली, शेवटी रक्तही दाखवलं. तेव्हा त्याला कुणी ‘हे रोजचंच’ म्हणताना ऐकलं नाही. म्हणजे अडचण गरिबीची किंवा जातीची नसावी, संथपणाची असावी. तसं असेल तर तसं म्हणावं, उगाच त्यावर युरोपचं लेबल कशाला?

आता बाहेरच्यांना नक्की काय दिसतं ते सांगते. कपाडियांच्या सिनेमात प्रभा नावाची नर्स आहे. नवरा जर्मनीत, त्याचा फोनही येत नाही. एक दिवस टपालाने लाल रंगाचा राइस कुकर येतो. पाठवणाऱ्याचं नाव नाही, चिठ्ठी नाही. रात्री घरात कुणी बघत नाही असं पाहून ती जमिनीवर बसते आणि तो कुकर पोटाशी धरते. लेस्टरच्या थिएटरात माझ्या शेजारच्या बाई तिथे हसल्या. वाईट हेतूने नव्हे. त्यांना ते मजेशीर वाटलं. मला घाम फुटला. आईच्या कपाटावर मी पाठवलेला एअर फ्रायर खोक्यासकट बसलाय आणि त्यावर लोणच्याची बरणी आहे. आम्ही परदेशातली माणसं फोनला वेळ नसला की वस्तू पाठवतो. हा प्रसंग ज्याच्या घरातलं कुणी बाहेर आहे त्याच्यासाठी आहे, आणि असं घर आज सोलापुरात कुठल्याही गल्लीत सापडेल.

त्याच सिनेमातली छाया कदमची पार्वती घ्या. नवरा गिरणीकामगार होता, तो गेला. राहत्या खोलीचे कागद नाहीत, बिल्डर हाकलतोय. इथल्या समीक्षकांनी मुंबईच्या पावसाबद्दल आणि निळ्या प्रकाशाबद्दल भरभरून लिहिलं. माझ्या आत्याचे यजमान गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर आत्याने हजेरीकार्डं आणि पगाराच्या चिठ्ठ्या पत्र्याच्या पेटीत नॅप्थलीनच्या गोळ्या टाकून जपल्या. कधी कुठला साहेब काय मागेल सांगता येत नाही. ती पार्वतीला म्हणाली असती, ‘अगं, रेशनकार्ड तरी होतं का?’ हा प्रश्न निळ्या प्रकाशात सुचत नाही.

गेल्या दोन वर्षांतल्या गाजलेल्या सिनेमांत माझ्या मते सगळ्यात वरचा ‘साबर बोंडं’. रोहन परशुराम कानवडेंच्या या मराठी सिनेमाला जानेवारी २०२५मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात जागतिक सिनेमा विभागातलं सर्वोच्च ज्युरी पारितोषिक मिळालं. वडील गेल्यावर मुंबईचा आनंद दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी येतो आणि बालपणीच्या मित्राशी, बाळ्याशी, त्याचं प्रेमाचं नातं पुन्हा जुळतं. पार्श्वसंगीत नाही, आरडाओरडा नाही. आईला मुलाचं सगळं ठाऊक आहे आणि तिने त्याचा गवगवा केलेला नाही. इकडचे प्रेक्षक शेवटपर्यंत स्फोटाची वाट बघत होते: कधीतरी गुपित फुटणार, कुणीतरी हात उगारणार. आपल्या घरांत कित्येक गोष्टी सगळ्यांना माहीत असतात आणि कुणीच बोलत नाही, हे त्यांच्या हिशेबातच नव्हतं. सुतकात बसलेल्या माणसालाही ‘आता लग्नाचं मनावर घ्या’ म्हणणारे पाहुणे पडद्यावर आले तेव्हा मी एकटीच हसले. हा सिनेमा लेस्टरच्या आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत दाखवावा असं मी सुचवलं होतं. ‘फॅमिली क्राउड असतो हो,’ एवढंच उत्तर आलं आणि दोन अंकी विनोदी नाटक ठरलं. तेव्हा नुसत्या सोलापूरला नावं ठेवण्यात अर्थ नाही.

नीरज घायवानचा ‘होमबाउंड’ २०२५चा, ऑस्करसाठी भारताकडून गेलेला. दोन मित्र, एक दलित, एक मुसलमान, दोघांना पोलीसभरतीत लागायचंय. त्यातला दलित चंदन अर्जात खुल्या वर्गातून नाव भरतो. जात लपवायची तर आरक्षणावरही पाणी सोडायचं, हा हिशेब त्याच्या तोंडावर दिसतो. पुढे सुरतेची कापडगिरणी, टाळेबंदी आणि घराकडची पायपीट. पहिला भाग मला फार चांगला वाटला. शेवटाकडे संगीत सांगायला लागतं की आता रडा, तिथे मी जरा मागे सरले. सिनेमा संपल्यावर एका गृहस्थांनी हळहळून विचारलं, ‘तिकडे कामगारांना खरंच असं वागवतात?’ २०२०च्या जूनअखेरीस, अख्ख्या ब्रिटनमध्ये पहिली स्थानिक टाळेबंदी याच लेस्टरवर आली. तेव्हा इथल्या कपड्यांच्या कारखान्यांत तासाला साडेतीन पौंडांवर लोक राबतायत अशा बातम्या आल्या होत्या. कायद्याने किमान ८.७२ पौंड द्यायचे होते. ते कारखाने त्या थिएटरपासून चालत जाण्याच्या अंतरावर. सुरतेच्या कामगारासाठी डोळे पुसणं सोपं असतं.

संध्या सूरी यांचा ‘संतोष’ तर आणखी विचित्र प्रकरण. नवऱ्याच्या जागी अनुकंपा तत्त्वावर शिपाई झालेली बाई आणि एका दलित मुलीच्या खुनाचा तपास. सिनेमा हिंदी, पण ऑस्करला गेला ब्रिटनतर्फे. आपल्या सेन्सॉर मंडळाने इतकी कापाकापी सुचवली की तो भारतात लागलाच नाही. मी मार्च २०२५मध्ये तिकीट काढून आरामात पाहिला. अनुकंपाच्या फायली कशा हलतात हे ज्या घरांना ठाऊक आहे, त्यांना तो बघता येत नाही. बाहेरच्यांसाठी काढलेला सिनेमा कसा तयार होतो, याचं यापेक्षा सोपं उदाहरण माझ्याकडे नाही.

‘होमबाउंड’ नेटफ्लिक्सवर आल्यावर आतेभावाने तो एकदाचा पाहिला, बायको रागावली म्हणून. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन. मला वाटलं, ‘रडका पिच्चर’ म्हणेल. तर हा तावातावाने मालकाची बाजू मांडायला लागला. ‘कारखाना बंद पडल्यावर मालकाचं काय झालं ते कोण दाखवणार? लाइटबिल थांबलं का? सूतवाल्याचा तगादा थांबला का? मी पोरांना पंधरा दिवस उचल दिली, मग मलाच जमंना.’ मी म्हटलं, तुझ्याकडे निदान घर होतं, त्यांना चालत जावं लागलं. तो म्हणाला, ‘मग चालत जाऊ दिलं कुणी? ते इचार की.’ मी म्हटलं, सिनेमा तेच विचारतोय. ‘न्हाई विचारत, रडवून सोडून देतो,’ तो म्हणाला. यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही. लेस्टरमध्ये माझ्याशी इतकं कडकडून कुणी भांडलं नव्हतं.