परदेशी हॉटेलात फोडणी कशी घालावी

युरोपला निघालात? वा! व्हिसा हातात पडला, स्विस फ्रँकचा शंभराच्या वरचा भाव बघून पोटात गोळा येऊन गेला, खाकरे आणि लाडू बॅगेत बसले. आता तिथल्या हॉटेलात राहायचं कसं, एवढंच शिकायचं राहिलंय. मी नुकताच स्वित्झर्लंडात इंटरलाकेनला चार रात्री काढून आलोय, त्यातली निम्मी एक रस्त्यावर. तेव्हा सल्ला द्यायचा हक्क माझा.

मुंबईचं रात्रीचं विमान सकाळी झुरिकला टेकतं. तिथून दोनेक तासांची ट्रेन, की साडेदहाला तुम्ही हॉटेलच्या दारात. खोली मिळणार तीन वाजता. सामान इथे ठेवा आणि गावात फिरून या, असं काउंटरवरची मुलगी सांगेल. अजिबात ऐकू नका. लॉबीतल्या सोफ्यावर बूट काढून आडवे व्हा, मोजे समोरच्या टीपॉयवर वाळत टाका आणि दर दहा मिनिटांनी ‘रूम रेडी?’ विचारत राहा. (तीनला आत आणि दुसऱ्या दिवशी अकराला बाहेर, म्हणजे दिवसाचे पैसे घेऊन वीसच तास. हे गणित मलाही आजतागायत पटलेलं नाही.)

एसी नाही म्हणून भांडा. हे भांडण मात्र मनापासून करा, कारण ते मीही केलं. जुलैची रात्र, खिडकी उघडली तर रस्ता, लावली तर भट्टी. शेवटी एक टेबलफॅन मिळाला, त्याचा आवाज आमच्या नाक्यावरच्या गिरणीसारखा.

डबल बेड म्हणजे दोन गाद्या आणि दोन पांघरुणं. मधल्या फटीत लहान मूल झोपवू नये.

बाथरूमबद्दल मी काय सांगणार? टमरेल घरूनच न्या. बादली मागितलीत तर त्या मुलीला वाटेल, फरशी पुसायला हवी आहे. त्यापेक्षा कचऱ्याचा डबा आहेच, आणि आंघोळ शॉवरच्या बाहेर ऐसपैस उभं राहून करा. तिथल्या जमिनीला मोरी नसते, हे खालच्या खोलीतल्या पाहुण्याच्या डोक्यावर ठिबकायला लागलं की आपोआप कळतं.

नळाचं पाणी तिथे बिनधास्त पिता येतं. तरी बाटली विकतच घ्या, म्हणजे महागाईवर बोलायला विषय राहतो.

नाश्त्याला स्टीलचा डबा घेऊन जा. नुसत्या पेपर नॅपकिनमध्ये उकडलेली अंडी नीट बसत नाहीत, घरंगळतात. जन्मात कधी क्रोसाँ खाल्लं नसेल तरी सहा घ्या. केळी, चीजच्या चकत्या, लोण्याच्या आणि जॅमच्या इवल्या डब्या, सगळं पर्समध्ये. पैसे भरलेत ना? २०१९ साली त्याच देशातल्या गश्टाड गावात एका हॉटेलने खास भारतीय पाहुण्यांसाठी सूचना लावल्या होत्या, की नाश्त्याचे पदार्थ बाहेर नेऊ नका, हवं तर पैसे देऊन डबा मागा, कॉरिडॉरमध्ये आवाज कमी ठेवा. त्या कागदाचा फोटो देशभर फिरला, आपण सगळे भयंकर चिडलो. हा वर्णद्वेष आहे असं मीही तेव्हा घरच्या ग्रुपवर तावातावाने लिहिलं होतं. आता तो मेसेज कुठे आहे शोधतोय.

रात्री दहानंतर तिथे शांतता पाळायची पद्धत आहे. ‘सकाळी सहाला उठायचं, सातला नाश्ता, आठला निघायचं, बरं का!’ हे म्हणूनच कॉरिडॉरच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ओरडून सांगावं.

आता मुख्य विषयाकडे येऊ. कुकर.

किटलीत मॅगी करणं हे शिकाऊ माणसांचं काम. तुम्ही छोटा इलेक्ट्रिक कुकर न्या. स्विस सॉकेटमध्ये आपली तीन पिन जात नाही, म्हणून एक डुगडुगणारा अडॅप्टर घ्या. छतावर धुराचा सेन्सर असतो, त्याला बाथरूममधली शॉवर कॅप घाला. (ही युक्ती मला तिथेच कळली. आपल्या लोकांचं डोकं वाया जातंय.) मग तेल तापवा, मोहरी, हिंग, कढीपत्ता, मिरची. धूर कोंडला की दार उघडून तो कॉरिडॉरमध्ये सोडून द्या. कॉरिडॉरमध्येही सेन्सर असतो आणि त्याच्या डोक्यावर टोपी नसते, हा तपशील गौण.

रात्री पावणेबाराला अलार्म वाजला. बायको गाउनवर जॅकेट घालून, दोघांचे पासपोर्ट छातीशी धरून जिना उतरली. खाली फुटपाथवर अख्खं हॉटेल. शेजारच्या खोलीतलं कोरियन जोडपं हॉटेलच्या सपात्यांत, एक जर्मन आजोबा टॉवेलच्या झग्यात, एका बाईच्या कडेवर ओरडून निळं पडलेलं बाळ. बंब आला. तिथे अग्निशमन दलात बहुतेक माणसं आपापली नोकरी सांभाळून काम करतात. म्हणजे सकाळी कामावर जायचं असलेले लोक झोपेतून उठून, हेल्मेट चढवून आमच्यासाठी आले होते. आणि जिन्यात वास काय, तर हिंगाचा! मला पहिल्याच पायरीवर कळलं.

माझ्या बाजूला एक गृहस्थ उभे होते. हाफ पँट, कानाला मफलर. मला म्हणाले, ‘‘काय फालतू हॉटेल आहे हो, झोपूसुद्धा देत नाहीत.’’ मी मान डोलावली. तेवढ्यात मॅनेजर हेल्मेटवाल्या एकाला घेऊन सरळ माझ्याकडे आला. तुम्ही खोलीत काही शिजवत होता का? चाळीसएक माणसांत त्याला मीच दिसलो. मी नाही म्हणालो. पुन्हा विचारलं. पुन्हा नाही म्हणालो. मग माझी खोली उघडली, माझ्या बॅगेत टॉर्च मारला, बायकोचा लाडवांचा डबा हुंगला. आणि हे सगळं होईपर्यंत हे गृहस्थ माझ्यापासून हातभर अंतरावर उभे राहून युंगफ्राउ शिखराच्या दिशेला बघत होते. मध्यरात्री. मिट्ट काळोखात.

शॉवर कॅप घातलेला सेन्सर त्यांच्या खोलीत सापडला.

सकाळी लिफ्टमध्ये मलाच म्हणतात, ‘‘तुम्ही मराठी का? अरे वा! फक्त पोहे केले हो. आईंना शुगर आहे, त्यांना वेळच्या वेळी लागतं.’’

अहो, आईंना शुगर आहे तर स्वयंपाकघर असलेली जागा घ्या ना भाड्याने. इंटरलाकेनमध्ये पन्नास मिळतात. भारतीय जेवण मिळतं, आपल्या माणसांमुळेच मिळतं. त्या गावाने २०१६ मध्ये आपल्या यश चोप्रांचा पुतळा उभारलाय, भर गावात, आणि तुम्ही सकाळी त्याच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढलात. रात्री त्याच गावाच्या लोकांना अंथरुणातून उठवलंत. खोलीचं भाडं भरलं म्हणजे हॉटेल नावावर झालं का? ते बाळ अडीच वाजेपर्यंत रडत होतं, ते ऐकलंत का?

दुपारी परत आलो तर आमच्या दाराखालून कागद सरकवलेला. खोलीत स्वयंपाक करू नये. मी कोरियन मुलाला विचारलं, त्यांना आला नव्हता. जर्मन आजोबांना नव्हता. तुम्हाला आला आणि आम्हाला आला. माझ्या बायकोने त्या चार दिवसांत किटलीत पाण्याशिवाय काही तापवलेलं नाही. तरी उरलेले दोन दिवस ती लाडू खाताना खिडकीपाशी जाऊन खात होती.

कुकर आणलात, चूक झाली, समजू शकतो. पण मॅनेजर माझ्यासमोर उभा होता तेव्हा ‘माझ्या खोलीतून झालं’ एवढे तीन शब्द तोंडातून निघाले नाहीत? इंग्रजी येत नसेल तर मराठीत म्हणायचं होतं. मी सांगितलं असतं त्याला, सांभाळूनही घेतलं असतं. पण तुम्ही डोंगर बघत होतात.