रात्रीची सोडून काहीही सांगा

आमच्या मंडळात एक अलिखित नियम आहे. बैठकीत जो खुसपट काढतो, काम त्याच्याच गळ्यात पडतं. हे ठाऊक असल्यामुळे गेली कित्येक वर्षं मी बैठकीला जातो, चिवडा खातो, मान डोलावतो आणि घरी येतो. एका गणपतीत मखराच्या जागी मांडववाल्याने लग्नातलं सिंहासन आणून ठेवलं होतं, तेव्हासुद्धा मी बोललो नाही. पण त्या दिवशी काय झालं कोण जाणे. अहिल्याबाईंच्या जन्माला 300 वर्षं झाली, त्या निमित्ताने इंदूरच्या मराठी मुलांसाठी तीन दिवसांचं नेतृत्व शिबिर घ्यावं, चोरलच्या बाजूला एक धर्मशाळा आहे, डिसेंबरच्या सुट्टीत जावं, असा विषय निघाला आणि माझ्या तोंडून निसटलं, "तिकडे रात्री थंडी मरणाची असते हो."

"तुम्हाला तिथली बरीच माहिती दिसते," अध्यक्ष म्हणाले. तोंडातला शेंगदाणा गिळेपर्यंत खजिनदारांनी वहीत माझ्या नावापुढे 'संयोजक' लिहून खाली रेघसुद्धा मारली होती.

मुलं 42, वयं 13 ते 16. मी हिशेबाला बसलो. आठ मुलांमागे एक मोठं माणूस. रात्री मुलींच्या खोलीत दोन बायका, मुलांच्या खोलीत दोन पुरुष, कारण एकट्या मोठ्या माणसाला मुलांबरोबर ठेवायचं नाही, हे मी वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहिलं होतं. एक जण स्वयंपाकघरावर, एक औषधांच्या पेटीपाशी, एक नुसता डोकी मोजायला. ओढूनताणून बारा माणसं लागत होती. व्हॉट्सॲपवर टाकलं, 'शिबिरासाठी स्वयंसेवक हवेत.' तासाभरात 26 अंगठे आले. मी बायकोला फोन दाखवून म्हटलं, "बघ, उगाच लोकांना नावं ठेवतेस." तिने चष्मा लावून यादी वरपासून खालपर्यंत वाचली आणि काही न बोलता कणीक मळायला गेली. तेव्हाच मी समजायला हवं होतं.

अंगठ्याचे अर्थ मला पुढच्या आठवड्यात एकेक करून कळले. 'वाचलं' हा एक अर्थ. 'छान कल्पना आहे, तुम्ही करा' हा दुसरा. एक अंगठा नातवाने खेळता खेळता दाबलेला होता. एका गृहस्थांनी तर स्पष्टच सांगितलं की ते कुणाच्या दुःखद निधनालाही अंगठाच टाकतात, दुसरं काही त्यांना सापडत नाही. जे खरोखर तयार होते, त्यांतले नऊ जण 'मार्गदर्शन' करायला तयार होते. पाण्याचे कॅन उचलायला कुणाचंच मार्गदर्शन उपलब्ध नव्हतं. आणि प्रत्येकाचं शेवटचं वाक्य शब्दशः एकच: "बिलकुल येतो भिया! फक्त रात्रीची सोडून काहीही सांगा."

पगारी माणसाला रागावता येतं, हजेरी कापता येते. स्वयंसेवकाचं काय कापणार? तो आधीच फुकट आलेला असतो आणि ते तो विसरू देत नाही. उशिरा आला तर आपणच म्हणायचं, "आलात ते बरं झालं." भांडी न घासता गेला तर, "दमला असाल." आमच्या वकीलवहिनी एकदा म्हणाल्या, "अहिल्याबाईंनी कसं केलं असेल हो सगळं?" मी म्हटलं, वहिनी, 1767 ते 1795, अठ्ठावीस वर्षं बाईंनी राज्य चालवलं हे खरं. फौज तुकोजी होळकरांकडे, खजिना आणि न्यायनिवाडा स्वतःकडे, मुक्काम महेश्वरला. वाटणी अशी चोख की मी माझा ड्यूटी चार्ट त्यावरूनच बेतला होता. काशीला काय, सोमनाथला काय, बाईंनी देवळं बांधली, घाट बांधले. पण त्यांच्या पदरी पगारी कारभारी होते. एकाही गवंड्याने त्यांना 'मातोश्री, काशीला येतो, पण मार्गदर्शनापुरताच' असं म्हटलं नसावं.

पालकांकडून फॉर्म भरून घेतले. 'ॲलर्जी' या रकान्यात एका आईने 'गणित' लिहिलं होतं. एका मुलाला पंख्याच्या आवाजाशिवाय झोप येत नव्हती, बारा महिने. 'आमचा लाजाळू आहे, त्याला पुढे आणा' असं 17 जणांनी लिहिलं होतं आणि 'आमची फार पुढे पुढे करते, जरा मागे ठेवा' असं तिघांनी. मी मनात म्हटलं, जागांची अदलाबदल आपोआप होईल.

निघायच्या दिवशी रामबागेत सकाळी सातला बस उभी. मुलं 42, रजया 42, लाडवांचे डबे मी मोजले ते 31, आणि स्वयंसेवक आठ. एकाच्या घरी लग्न निघालं होतं. (त्याच्या घरी लग्नं अशी निघतात, जशी जमिनीतून विहीर निघावी.) एकाची पाठ धरली होती. दोघांचे फोन बंद.

बाराच्या कामात आठ माणसं म्हणजे काय, ते पहिल्या रात्री कळलं. मुलींच्या खोलीत बायको आणि वकीलवहिनी. मुलांच्या खोलीत नियमाप्रमाणे दोन पुरुष: मी आणि खजिनदार. खजिनदार अकराला आडवे झाले आणि घोरायला लागले. दोघं हवेत असा नियम होता; दोघं जागे हवेत असं मी लाल शाईने लिहायला विसरलो होतो. साडेबाराला टॉर्च घेऊन डोकी मोजायला उठलो. रजयांमध्ये डोकी दिसेनात, नुसते उंचवटे. मोजले तर 15. मुलगे होते 24. मी पुन्हा मोजलं. पुन्हा 15. पायातला जोर गेला. नऊ मुलं गेली कुठे? बाहेर काळोख, पलीकडे नदी. मी थरथरत पहिल्या उंचवट्याची रजई उचलली. आत तीन. थंडीत पोरांनी रजयांची सहकारी संस्था काढली होती. तीन रजया एकावर एक, खाली तिघं, मध्ये लाडवांचा डबा. सगळे उंचवटे उचलून मोजणी 24 वर आली तेव्हा दीड वाजला होता. दोनला एकाने हलवलं. "काका, पोट दुखून राहिलं." डबा रिकामा होता.

दुसऱ्या दिवशी पुण्याहून पाहुणे आले. सज्जन गृहस्थ, पण आमची इंदुरी मराठी त्यांनी आयुष्यात ऐकलेली नव्हती. दुपारी ते प्रेमाने मुलांना म्हणाले, "चला, जेवायला बसू या." मुलं म्हणाली, "आम्ही जेवून चुकलो काका." पाहुण्यांचा चेहरा उतरला. त्यांनी मला बाजूला घेतलं. "अन्नात काही दोष होता का? मुलं जेवून पस्तावलेली दिसतात." मी समजावलं की इथे 'चुकलो' म्हणजे हिंदीतलं 'चुके', पोरांची जेवणं झाली आहेत, चूक कुणाचीच नाही. रात्री पुन्हा तेच. एक मुलगा काळजीने त्यांना म्हणाला, "काका, रजई ओढून घ्या ना, थंडी वाजेल." पाहुणे दारात उभे राहून विचारताहेत, "अरे, पण कुणाची ओढून घेऊ?"

त्यांचं सत्र अर्ध्या तासाचं होतं, ते एक तास चाळीस मिनिटं चाललं. विषय: 'मागणी कशी मांडावी.' नम्र असावी, नेमकी असावी, मुदत घालून द्यावी, सह्या घ्याव्यात. मी मागे उभा राहून जांभया देत होतो. मुलं लिहून घेत होती. त्यांना इतकं मन लावून लिहिताना पाहून मला भरून आलं होतं, हे आज आठवलं की स्वतःचीच कीव येते.

त्याआधी कचऱ्याचं झालं होतं. स्वच्छतेत 2017 पासून शहराचा पहिला नंबर, हे या पिढीच्या दुधातच आलेलं आहे. धर्मशाळेत एकच ड्रम बघून मुलं अशी थबकली, जसं कुणी देवळात चप्पल घालून शिरावं. "ओला-सुका एकत्र?" एक मुलगी चौकीदाराला म्हणाली, ते ऐकून बिचारा ड्रमसमोर उभा राहिला, ड्रम लपवायला. तासाभरात सहा बादल्यांवर चिठ्ठ्या लागल्या: ओला, सुका, प्लास्टिक, सॅनिटरी, घातक, ई-कचरा. ई-कचऱ्याची बादली रिकामीच होती, ती खजिनदारांचा टॉर्च मरेपर्यंत. मग टॉर्च ई-कचरा, पण आतले सेल घातक की तेही ई, यावर अर्धा तास वाद झाला. माझ्या वेळापत्रकात 'गटचर्चा' दुसऱ्या दिवशी चारला होती. ती जमली नाही. झाली ती हीच.

पाहुण्यांचं सत्र संपलं, त्याच दुपारी माझ्या हातात अर्ज पडला. झालं असं की शेवेची पिशवी खजिनदारांच्या ओट्यावर राहिली होती आणि जिरावणाचा, म्हणजे आमच्या इंदुरात पोह्यांवर भुरभुरतात त्या मसाल्याचा, डबा माझ्या स्कूटरच्या डिकीत. सकाळी पोहे नुसतेच वाढले गेले. मी म्हटलं, लिंबू आहे, कोथिंबीर आहे, बडीशेप आहे, पोरं खातील. पोरं काही न बोलता खाऊन उठली. त्या शांततेचा अर्थ अर्जात होता: 'आदरणीय काका, आपण घेत असलेल्या कष्टांची आम्हाला जाणीव आहे. तथापि शेव व जिरावण नसलेल्या पोह्यांना आम्ही पोहे मानू शकत नाही. उद्या सकाळी साडेआठपर्यंत व्यवस्था व्हावी.' नम्र, नेमकी, मुदतीसह. खाली 'पाठिंबा' म्हणून आठांपैकी पाच स्वयंसेवकांच्या सह्या. तिसरी बायकोची. तिने पूर्ण नाव लिहिलं होतं, त्यामुळे माझ्याविरुद्धच्या अर्जावर मधलं नाव माझंच होतं.

सवयीने सह्या मोजल्या. मुलांच्या 43.

मी सगळ्यांना अंगणात उभं केलं. मोजले. 43. वकीलवहिनी म्हणाल्या, "जास्तच आहेत ना? मग हरवलं कुणी नाही." मी आदल्या रात्री नीट झोपलो नव्हतो. मी म्हटलं, "वहिनी, 42 मधून एक गेला आणि दोन आले तरी 43च होतात." मग यादी घेऊन नावं पुकारली. यादी संपली आणि रांगेच्या टोकाला एक पोरगा उरला, अजिबात न गांगरता. जवळच्या गावातला होता. आदल्या दिवशी डोळ्यांवर पट्टी बांधून जोडीदाराला चालवत न्यायचा खेळ बघायला आला, एका मुलाला जोडीदार नव्हता म्हणून खेळला, मग दाल-बाफल्यांच्या पंगतीला दोनदा बसला, आणि त्याच्या गटाने त्याला एकमताने गटप्रमुख केलं होतं. आमच्या रीतसर फॉर्म भरलेल्या 42 जणांत त्याच्याइतकी झाडं-वाटा कुणालाच ठाऊक नव्हत्या. मी त्याला घेऊन त्याच्या घरी गेलो. आई अंगण सारवत होती. मी माफी मागितली तर ती हसली. "चिंता मत करो भैया। दिनभर आपके पास रहता है, रात को घर आ जाता है।"

म्हणजे हाही आमच्यातलाच.

शेव सिमरोलला मिळाली. जिरावण आणून दिलं ते त्या 26 अंगठ्यांपैकी एकाने, मोटरसायकलवरून. डिकी उघडून डबा काढला, इथवर आला, अर्जदारांबरोबर फोटो काढला, मुलांना पाच मिनिटं मार्गदर्शन केलं आणि ऊन उतरायच्या आत परत गेला. ग्रुपवर त्याच्या फोटोला 40 अंगठे पडले.

परतताना घाटात बस बंद पडली. दोन तास. ड्रायव्हर बॉनेटमध्ये कमरेपर्यंत, मुलं कठड्यावर भेंड्या खेळत, उरलेली शेव हातोहात फिरत, आणि मी दर दहा मिनिटांनी मोजतोय: 42, 42, 42. मध्ये एकदा 43 आले. तो क्लीनर होता.

बसमध्येच अभिप्रायाचे कागद भरून घेतले. 'सर्वांत आवडलेला कार्यक्रम' यात 29 जणांनी लिहिलं, 'बस बंद पडली तो.' पुण्याच्या पाहुण्यांबद्दल एकाने लिहिलं होतं, 'छान बोलले, पण बोलून चुकतच नव्हते.'

शिबिर होऊन आठवडा झाला तरी माझ्या डिकीत एक चप्पल होती, डाव्या पायाची, निळी. फोनवर फोन करून शेवटी मालक सापडला आणि मी सुदामा नगरला ती पोचवायला गेलो. मुलाच्या वडिलांनी दारातच हात धरून आत बसवलं, चहा दिला, चप्पल दोन्ही हातांनी घेतली. त्यांच्या अंगठ्याची मला चांगली ओळख होती. 26 मधला तो पहिला होता. म्हणाले, "पोरगा फार बदलला हो. दिवसभर मला मुदती घालून देतो." मग जरा पुढे सरकून, अगदी मनापासून, "पुढच्या वर्षी मी तुमच्याबरोबर. लिहूनच घ्या. फक्त..."

"रात्रीची सोडून," मी म्हटलं.

"वा! तुम्हाला कसं कळलं?"