पाच लाख पगार, ९९२ युरो आणि म्युनिकचं भाडं: एका वडिलांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

म्युनिकमधल्या खर्चावर मी लिहिलेल्या लेखाखाली तुमची प्रतिक्रिया वाचली. खालीच चार ओळींत उत्तर देता आलं असतं, पण तुम्ही विचारलंत ते बऱ्याच घरांत बोललं जातं, म्हणून सविस्तर लिहिते आहे. ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी तुमचं म्हणणं थोडक्यात देते. तुम्ही नाशिकचे, निवृत्त शिक्षक. मुलाला म्युनिकमध्ये एमएसला प्रवेश मिळालाय, शैक्षणिक कर्ज मंजूर व्हायच्या बेतात आहे, आणि माझा लेख वाचल्यापासून तो ‘जावं की नको’ म्हणतोय. तुम्ही लिहिलंत, “मुलांना घाबरवू नका. पाच हजार युरो पगार म्हणजे पाच लाख रुपये, त्यात रडायचं काय? जर्मन सरकारच म्हणतं की महिना ९९२ युरो पुरतात. आणि आम्ही सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून, एक डबा दोघांत खाऊन शिकलो. काटकसर केली की कुठेही भागतं.”

शेवटच्या वाक्यापासून सुरू करते, कारण माझा खरा मतभेद तिथेच आहे.

आपल्या मुलांना काटकसर येते, याबद्दल मला शंका नाही. पण इथे ती ज्या गोष्टींवर करता येते, त्या आधीच स्वस्त आहेत. आल्डी किंवा लिडल या स्वस्त सुपरमार्केटांमध्ये तांदूळ, मसूर डाळ, कांदे-बटाटे, दूध, अंडी सगळं मिळतं. पोळ्यांसाठी १०५० नंबरचं गव्हाचं पीठ बहुतेक जण वापरतात. मुख्य रेल्वे स्टेशनच्या दक्षिणेला लांडवेअरश्ट्रासेच्या बाजूला तुर्की आणि अरबी दुकानं आहेत, तिथे कोथिंबिरीची भली मोठी जुडी मिळते. नळाचं पाणी थेट पिता येतं. घरी रांधणाऱ्या मुलाचा किराणा महिन्याला दीडशे-दोनशे युरोंत बसतो. आता त्याने तुमच्यासारखा एक डबा दोघांत खाल्ला असं धरू. वाचले किती? ऐंशी-शंभर युरो. तेही त्याच्या तब्येतीच्या जिवावर. आणि त्याच महिन्यात म्युनिकची खोली एखाद्या लहान गावातल्या खोलीपेक्षा चारशे युरो जास्त घेऊन जाते. पोटाला चिमटा काढून ते चारशे भरून निघत नाहीत. मुलं प्रयत्न करतात, म्हणून तर मी इतकं कळकळीने लिहिते आहे.

कॉट बेसिसचं म्हणाल, तर ती सोय इथे जवळपास नाहीच. जर्मनीत घर बदललं की दोन आठवड्यांत पत्ता नोंदवावा लागतो. त्याला आनमेल्डुंग म्हणतात. त्यासाठी घरमालकाने सही केलेला कागद लागतो. एका खोलीत चार कॉट टाकून चौघांसाठी असा कागद द्यायला मालक तयार होत नाहीत, आणि मालकाला न विचारता मुलांनी आपसांत खोली वाटून घेतली तर करार मोडू शकतो. नोंदणीशिवाय टॅक्स नंबर पोस्टाने येत नाही, व्हिसा वाढवताना अडतं. “स्वस्त खोली आहे, फक्त आनमेल्डुंग होणार नाही,” अशी जाहिरात दिसली तर मुलाला लांब राहायला सांगा. तशीच दुसरी जात म्हणजे मालक परदेशात असतो, अनामत आधी मागतो आणि किल्ली कुरिअरने पाठवतो म्हणतो. किल्ली कधीच येत नाही.

आता भाड्याचा हिशेब. करारावर दोन आकडे असतात. काल्टमीटे म्हणजे नुसत्या जागेचं भाडं, आणि वार्ममीटे म्हणजे त्यात हीटिंग, पाणी, कचरा, जिन्याची सफाई वगैरे मिळवून येणारं. वीज आणि इंटरनेट बहुधा त्याहूनही वेगळं. नाशिकला बसून जाहिरात वाचताना माणूस लहान आकडा बघतो आणि हिशेब तिथेच चुकतो. म्युनिकमध्ये बीएमडब्ल्यू, सीमेन्स, आलियान्झ यांची मुख्यालयं आहेत, दोन मोठी विद्यापीठं आहेत, आणि घरं त्या मानाने फार कमी. शेअर फ्लॅटमधली एक खोली सातशे-आठशे युरोंखाली मिळाली तर ते नशीब समजायचं. विद्यार्थी वसतिगृहाची खोली याच्या निम्म्यात पडते, पण तिथे प्रतीक्षायादी असते आणि ती काही सत्रांची असू शकते. त्यात म्युनिकच्याच फ्रायमान भागातल्या मोठ्या विद्यार्थी वसाहतीतल्या बऱ्याच इमारती २०२१ च्या आगीनंतर दुरुस्तीअभावी वर्षानुवर्षं रिकाम्या पडून होत्या. घराची एवढी चणचण असलेल्या शहरात शेकडो खोल्या बंद राहाव्यात, याचा मला अजून राग येतो.

मग ते ९९२ युरो. सप्टेंबर २०२४ पासून ब्लॉक अकाउंटमध्ये, म्हणजे व्हिसासाठी पैसे आधीच अडकवून ठेवायच्या खात्यात, वर्षाला ११,९०४ युरो दाखवावे लागतात, म्हणजे महिन्याला ९९२. हा आकडा अख्ख्या देशासाठी एकच आहे. पूर्व जर्मनीतल्या केमनिट्झसारख्या स्वस्त शहरात जाणाऱ्यालाही तोच आणि म्युनिकला जाणाऱ्यालाही तोच. केमनिट्झमध्ये तेवढ्यात मुलगा नीट राहतो. म्युनिकमध्ये खोलीचे ७५०, विद्यार्थी आरोग्य विम्याचे दीडशेच्या आसपास आणि प्रवासाच्या पासाचे चाळीसेक धरले की हातात पन्नास युरो उरतात. किराणा अजून बाकी आहे. ९९२ हा व्हिसासाठी लागणारा किमान आकडा आहे, काका. तो म्युनिकचा खर्च बघून काढलेला नाही.

यातली सगळ्यात मोठी अडचण पहिल्या महिन्यातली आहे आणि ती फारसं कुणी सांगत नाही. ब्लॉक अकाउंटमधले पैसे एकदम मिळत नाहीत. दर महिन्याला ९९२ सुटतात, तेही इथल्या बँकेत खातं उघडल्यावर. आणि घरमालक अनामत म्हणून तीन काल्टमीटेपर्यंत मागू शकतो. ६०० युरोंच्या काल्टमीटेवर अनामत झाली १,८००, वर पहिल्या महिन्याचं भाडं. खात्यात बारा हजार युरो दिसतात आणि मुलाला दोन-अडीच हजार उभे करता येत नाहीत. मग तो रूममेटकडून उसने घेतो, घरी कळवत नाही. म्हणून कर्जाची रक्कम ठरवताना ब्लॉक अकाउंट सोडून किमान तीन हजार युरो वेगळे धरा. आणि एक गोष्ट मुलाच्या डोक्यात पक्की बसवा: अनामत तीन समान मासिक हप्त्यांत भरायचा हक्क जर्मन कायद्याने भाडेकरूला दिलेला आहे. मालक एकरकमी मागेल, पण मुलाने नम्रपणे हप्त्यांबद्दल बोलावं. पोचपावती मात्र घ्यावीच.

शिक्षण फुकट आहे, असं तुम्ही गृहीत धरलंय असं तुमच्या प्रतिक्रियेवरून वाटलं. मुलाचं विद्यापीठ कोणतं ते तुम्ही लिहिलं नाहीत. लुडविग माक्सिमिलियन विद्यापीठात प्रवेश असेल तर शिकवणीशुल्क नाही. टेक्निकल युनिव्हर्सिटी म्हणजे टीयूएम असेल, तर २०२४-२५ च्या हिवाळी सत्रापासून युरोपीय संघाबाहेरच्या नव्या विद्यार्थ्यांना मास्टर्ससाठी सत्राला चार ते सहा हजार युरो लागतात. शिष्यवृत्ती आणि सवलती आहेत, त्या वेळेत अर्ज केला तरच मिळतात. कर्जाच्या कागदावर सही करण्यापूर्वी हे बघा.

आता पाच लाखांकडे येते. पाच हजार युरो हा करारावरचा पगार. अविवाहित माणसाचा कर, पेन्शन, आरोग्य विमा, बेरोजगारी विमा हे सगळं कापून हातात साधारण ३,१०० येतात. एका खोलीच्या घराच्या वार्ममीटेचे १,२०० गेले. वीज, इंटरनेट, महिन्याचा देशभर चालणारा पास, आणि प्रत्येक घराला सक्तीचे असलेले रेडिओ-टीव्ही शुल्काचे १८.३६ युरो, असे मिळून दीडशे. किराणा नि इतर खाणं अडीचशे. तीस लाखांच्या कर्जाचा साडेदहा टक्क्यांनी दहा वर्षांचा हप्ता चाळीस हजारांच्या घरात जातो, म्हणजे चारशे युरो. राहिले अकराशे. त्यातून कपडे, फोन, भारताचं तिकीट, आणि घर रिकामं मिळालं तर चक्क स्वयंपाकघर. हो, इथे पुष्कळ घरांत ओटा, सिंक, कपाटं काही नसतं. आधीचा भाडेकरू उचलून नेतो किंवा विकत देतो.

अकराशे युरो म्हणजे लाखभर रुपये. ही चांगली रक्कम आहे आणि मी ती नाकारत नाही. नोकरी लागलेला माणूस इथे सुखाने राहू शकतो, असंच मी सांगेन. पण नातेवाइकांत बोलताना पाच लाख सांगितले जातात. मग धाकटीचं लग्न, घराची डागडुजी, चुलतभावाची फी हे सगळं त्या पाच लाखांकडे बघून ठरतं. इकडे मुलगा लाखातले सत्तर हजार पाठवतो, तरी घरी वाटतं की हा हात आखडता घेतोय. मी असे संसार पाहिलेत, जिथे आईवडील आणि मुलगा दोघंही प्रेमळ आहेत आणि फक्त या एका आकड्यामुळे फोन तुटक होत गेले. रुपयांत हिशेब जरूर करा. पगाराचा नका करू, शिल्लक उरते तिचा करा.

आणि हे सगळं नोकरीनंतरचं. मधली दोन वर्षं विद्यार्थ्याची आहेत, तिथे पगार नाही. वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करायची परवानगी असते, सत्र चालू असताना आठवड्याला वीस तासांची वेर्कश्टुडेंट, म्हणजे शिकता शिकता करायची, नोकरी करता येते. तशी मिळाली तर म्युनिकचं भाडं झेपतं. मिळण्यासाठी जर्मन लागतं. कंपनीचं काम इंग्रजीत चालत असलं तरी अर्जांच्या गर्दीत जर्मन येणाऱ्याला आधी बोलावतात, हे मी माझ्या ऑफिसात बघते. निघायला सहा महिने असतील तर मुलाला पुण्याच्या माक्स म्युलर भवनात किंवा नाशिकमध्येच चांगल्या शिक्षकाकडे घाला. जर्मनची बी-वन, म्हणजे मध्यम, पातळी घेऊन आलेला मुलगा खोली शोधतानाही पुढे असतो, कारण मालकाला फोनवर बोलता येणारा भाडेकरू हवा असतो. काटकसरीच्या शंभर सूचनांपेक्षा मी हे वर ठेवेन.

तुम्ही म्हणता मी घाबरवते. मुलांनी येऊ नये असं मी लिहिलेलं नाही, लिहिणारही नाही. इथली पदवी झाल्यावर नोकरी शोधायला अठरा महिन्यांचा परवाना मिळतो, शिक्षणाचा दर्जा उत्तम आहे, आणि मी स्वतः याच वाटेने आले. मला भीती वेगळीच वाटते. दुसऱ्या सत्रात पैसे संपत आलेला मुलगा घरी “सगळं मस्त चाललंय” सांगतो, कारण बाबांनी भरवशाने सांगितलेलं असतं की काटकसर केली की भागतं. मग कमी पडलं तर तो स्वतःलाच नालायक ठरवतो. परीक्षा सोडून गोदामात रात्रपाळ्या करतो, सत्र वाढतं, आणि वाढलेल्या सत्राचं भाडं पुन्हा म्युनिकचंच असतं. तुमचा मुलगा तुमच्या शब्दाला किती मान देतो ते तुमच्या प्रतिक्रियेतच दिसतं. म्हणून त्याला तुमच्याकडूनच ऐकू द्या की कमी पडलं तर कळव, त्यात कमीपणा नाही.

पर्यायही बघा. याच विषयाला माग्डेबुर्ग, इलमेनाऊ किंवा केमनिट्झमध्ये प्रवेश मिळत असेल तर तो हलका समजू नका. आणि म्युनिकच ठरलं, तर आउग्सबुर्ग, लांड्सहूटसारख्या गावांतल्या खोल्याही शोधा. रोजचा प्रवास आहे, पण विद्यार्थ्यांचा पास प्रादेशिक गाड्यांना चालतो आणि भाड्यात फरक पडतो. वसतिगृहाचा अर्ज प्रवेशपत्र हातात आल्याच्या दिवशी करायचा, व्हिसाची वाट बघत बसायचं नाही.

खोलीचा करार आला की सही करण्याआधी काल्टमीटे, वार्ममीटे आणि अनामत हे तीन आकडे मला इथेच खाली लिहून पाठवा. पत्ता, मालकाचं नाव किंवा बँकेचा तपशील टाकू नका, सगळ्यांना दिसतं. मी बघून त्याच दिवशी उत्तर देईन.