हातात किती पडतात ओ?

सोलापुरात कुणाला नोकरी लागली की पहिला प्रश्न हाच येतो. ऑफर लेटरमधल्या सगळ्या इंग्रजीपेक्षा हा प्रश्न शहाणा आहे, कारण हातात पडणारा आकडा त्या चार पानांत बहुतेक वेळा नसतोच. स्पोकन इंग्लिशचे क्लास 'टेल मी अबाउट युवरसेल्फ' घोटून घेतात. ग्रॉस आणि नेटमधला फरक पोराला कळतो तो पहिल्या पगाराला, पुण्यात खोलीचं डिपॉझिट भरून झाल्यावर.

सीटीसी म्हणजे पगार नव्हे. तुमच्यापायी कंपनीला वर्षाला एकूण किती खर्च येतो, तो सीटीसी. ३ लाखांचं पॅकेज धरू, म्हणजे महिना २५,०००. त्यात बेसिक निम्मं, १२,५००, आणि फंड (पीएफ) तेवढ्यावरच धरलाय. मग कंपनीने फंडात भरायचे १२ टक्के, म्हणजे १,५००, या २५ हजारांतलेच. ग्रॅच्युइटी म्हणजे नोकरी सोडताना मिळणारी एकरकमी रक्कम; तिच्यापोटी बेसिकच्या ४.८१ टक्के, ६०१ रुपये, तेही यातलेच. व्हेरिएबल महिना १,५००, पण तो मिळणार वर्षाअखेरीला आणि काम बघून. उरले २१,३९९. हा ग्रॉस. त्यातून तुमच्या वाट्याचा फंड १,५०० आणि प्रोफेशनल टॅक्स २०० गेला की नेट १९,६९९. फेब्रुवारीत आणखी शंभर कमी, कारण त्या महिन्यात हा टॅक्स ३०० कापतात. महाराष्ट्रात बायकांना २५,००० पर्यंत तो माफ आहे. तरी कापलेला दिसला तर स्लिप घेऊन विचारा.

यातली ग्रॅच्युइटी मला सगळ्यात खटकते. कायम नोकरीत ती साधारण ५ वर्षं सलग झाल्यावरच लागू होते: शेवटचं बेसिक आणि डीए (महागाई भत्ता), गुणिले १५, भागिले २६, गुणिले वर्षं. १२,५०० ला ५ वर्षांचे ३६,००० च्या आसपास होतात. दीड वर्षात नोकरी बदलणाऱ्याला त्यातला रुपया मिळत नाही. तरी ते ६०१ दरमहा पॅकेजमध्ये मिरवतात. शुद्ध फुगवाफुगवी!

ईएसआयसी, म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा, पगार २१,००० पर्यंतच. कामगाराचे ०.७५ टक्के, मालकाचे ३.२५. वरच्या हिशेबात ग्रॉस धरला, तर ३९९ रुपयांनी दवाखान्याचं कार्ड हुकतं. अशा वेळी ग्रुप मेडिक्लेमच्या, म्हणजे कंपनीने काढलेल्या आरोग्य विम्याच्या ओळीत 'सेल्फ' एवढंच आहे की 'पॅरेंट्स'ही आहेत, हे आधी बघायचं. 'फॅमिली' लिहिलंय म्हणून आई-वडील आलेच, असं धरू नका.

अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात काम केलेल्या माणसाला हे शब्द नवीन वाटायचं कारण नाही. एलओपी (लॉस ऑफ पे) म्हणजे आपला खाडा. फक्त एका खाड्याला ग्रॉस भागिले ३० कापणार की भागिले २६, हे विचारून ठेवा. वरच्या ग्रॉसवर तो ७१३ आणि ८२३ असा फरक पडतो. जॉइनिंग बोनस तर सरळसरळ उचल आहे. खाली 'रिकव्हरी' किंवा 'क्लॉबॅक' असा शब्द असेल, तर ठरलेल्या मुदतीआधी नोकरी सोडल्यास ती परत मागतात. रिइम्बर्समेंट ही कमाई नाहीच, आपण केलेला खर्च बिल दिल्यावर परत मिळतो इतकंच.

यूएएन, म्हणजे फंडाच्या खात्याचा नंबर, १२ आकडी आणि जन्मभर एकच. नवीन कंपनीला जुना नंबर दिला नाही तर दुसरा निघू शकतो आणि फंड दोन ठिकाणी अडकतो. आपल्याकडे आणखी एक घोळ होतो: तेलुगू घरांत एका कागदावर आडनाव आधी, दुसऱ्यावर नाव आधी, आणि स्पेलिंगच्या शेवटी कुठे 'ए' आहे, कुठे नाही. आधारशी जुळलं नाही की पैसे काढायच्या वेळी क्लेम अडतो. रुजू होतानाच आधार बघून नाव लिहून द्या.

आणि एचआरला विचारायचं वाक्य पाठच करा: 'व्हॉट विल बी माय मंथली नेट पे, आफ्टर ऑल डिडक्शन्स, विदाउट व्हेरिएबल?' फोनवर सांगितलेला आकडा धरू नका, ईमेलवर मागवा.